दहा दगडांचे अकरा किलोमीटर

१

पायल व्हनमानेनं माफीनाम्यावर सही केली नाही.

माफीनामा टाइप होऊन आला होता, पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं, आणि डोळ्यांच्या दवाखान्याच्या हॉलमध्ये बाकांवर बसलेली म्हातारी माणसं एका डोळ्यावर पट्टी बांधून हा तमाशा दुसऱ्या डोळ्यानं बघत होती. व्यवस्थापक गुरुशांत यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला चोर म्हटलं. पायलनं पेनाचं टोपण लावलं, पेन त्यांच्या खिशात खोचलं आणि ती तडक कोर्टासमोरच्या माझ्या ऑफिसात आली.

मी रुपाली. सोलापुरात वकिली करते. माझ्याकडे येणारी बरीच माणसं खुर्चीत बसायच्या आधी रडायला लागतात. ही बसलीच नाही.

"ताई, मी ट्रस्टची इलेक्ट्रिक गाडी चालवते. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ऑपरेशनला आणते, नेऊन सोडते. दसऱ्यापासनं गाडीचं रनिंग जास्त दिसतंय म्हणत्यात. मंगळवेढ्याची फेरी असू दे न्हाईतर उजनीकाठची, दर फेरीला मीटर जास्तीचा. म्हणत्यात, वाटेत भाडी मारतीस."

"मारतेस का?"

"मी एक किलोमीटर बी वाकडी गेले न्हाय."

खोटं बोलणारा माणूस शपथा फार घेतो. हिनं एकही घेतली नाही. मला ती पोर तिथंच आवडली, आणि वकिलाला अशील आवडणं हे धंद्याला चांगलं नसतं.

"सोमवारपर्यंत मुदत दिलीय. सही न्हाय केली तर पोलिसात देणार. एकदा गुन्हा नोंदला की मला कोण गाडी देणार? आमच्या वस्तीवर बापानं मेंढरं राखली, चुलत्यानं राखली. स्टिअरिंग धरणारी मी पहिली. मी खाली मान घालून वस्तीवर गेले तर पुढच्या एका पोरीला कुणी गाडी शिकू देणार न्हाय."

"तोपर्यंत निलंबित?"

"कुठलं! दुसरा ड्रायव्हरच न्हाय. उद्या मंगळवेढ्याला जायचंय."

म्हणजे तोंडानं चोर म्हणायचं आणि हातात किल्ली द्यायची. धन्य तो ट्रस्ट! मी वकीलपत्र पुढं केलं. त्यावर मात्र तिनं लगेच सही केली.

पण एक गोष्ट मला टोचत होती. मीटर तिनं बघितला होता, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणेही तो जास्तच दाखवत होता.

२

दवाखान्याच्या आवारात मी शिरले तेव्हा पाठोपाठ एक छोटी पांढरी पेट्रोल गाडी आली. चाकांच्या रिमा काळ्याकुळकुळीत रंगवलेल्या. कोपऱ्यावर वळताना पुढच्या चाकापासून खर्र खर्र असा आवाज आला आणि मी दचकून बाजूला झाले. आतून गुरुशांत उतरले. कपाळाला गंध, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं साखरेत घोळलेलं.

"या मॅडम. आमच्या पायलनं वकीलच गाठला म्हणायचा! सही केली असती तर विषय संपला होता की."

"कर नाही त्याला डर कशाला?"

"डर नाही, तर रनिंग का वाढलं?" ते माझ्यापुढं बसले. "रस्ते तेच, गावं तीच, पेशंट घरनं घ्यायचे, घरी सोडायचे. मग रनिंग वाढेलच कसं? मला सांगा तुम्ही."

प्रश्न बिनतोड होता. मी दुसऱ्या बाजूनं गेले. "गाडी चार्ज कुठं होते?"

"इथंच. मागच्या शेडमध्ये. त्याला वेगळा मीटर आहे."

"त्याचं बिल वाढलं?"

त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "नाही. होतं तेवढंच येतंय. बाहेर कुठंतरी चार्ज करत असेल."

"स्वतःच्या पदरची वीज घालून तुमची गाडी पळवते? फारच भली चोर आहे हो."

त्यांना ते आवडलं नाही. "ट्रस्टनं काय कमी केलं तिला? ती दसऱ्याला रजेवर होती, तेव्हा गाडीला नवी चाकंसुद्धा बसवून दिली. मल्लिनाथनं बसवली, खंडेनवमीला. मी त्या दिवशी वैरागला, सासुरवाडीला होतो. पण आदल्या दिवशीच सांगून गेलो होतो. चांगल्याचं हे फळ!" चहा आला तसे ते जरा सैलावले. "सगळीकडं लुटालूट चाललीय मॅडम. माझीच गाडी बघा. पूर्वी एका टाकीत जेवढे किलोमीटर निघायचे, तेवढे आता निघेनात. पेट्रोलात काय मिसळतात कोण जाणे."

चहा फार गोड होता. मी अर्धाच प्याले, आणि त्या चहाबरोबर सगळं उत्तर माझ्यापुढं ठेवलेलं होतं हे मला कळलं नाही.

३

बाहेर दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा मुलगा अजिंक्य त्याच्या जीपवजा गाडीला टेकून उभा होता. गाडीला एवढे दांडगे टायर होते, की ती ट्रॅक्टरशी सोयरीक जुळवायला निघालीय असं वाटावं. दवाखान्याच्या वाहनांची देखरेख कागदोपत्री त्याच्याकडं होती.

"नवी चाकं तुम्ही आणलीत?" मी विचारलं.

"छे! गुरुशांतकाकांनी परस्परच केलं. मला विचारलं असतं तर चांगली सुचवली असती." त्यानं आपल्या टायरवर लाथ मारली. "हे बघा. रुबाबच वेगळा. फक्त मीटर फसवतो. गाडी नव्वदनं असते, काटा ऐंशीवर. दोनदा दंड आला."

"पायल चोर आहे असं वाटतं?"

"मला काय माहीत? मी त्या गाडीत बसतो कुठं?" मालकाचा मुलगा, जबाबदारी त्याची, आणि गाडीकडं ढुंकून बघत नाही. मला त्याचा राग आला आणि संशयही.

तिसरा मल्लिनाथ. डिझेल रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, तोंडानं फटकळ. इलेक्ट्रिक गाडी आपल्याला मिळणार म्हणून त्यानं वर्षभर वाट पाहिली होती, आणि ती पायलला मिळाली.

"पोरीच्या हातात गाडी दिली तवाच मी म्हणलं होतं," तो म्हणाला.

"काय म्हणाला होता?"

"काय न्हाय. मनात म्हणलं होतं."

"दसऱ्याच्या रजेत तिनं गाडी गावाकडं नेली होती का?"

त्यानं माझ्याकडं वाकडं बघितलं. खोटं बोलायची ही नामी संधी होती. "न्हाय. खोटं कशाला बोलू? नवमीला गाडी दिवसभर हितंच हुती. मीच धुतली, हार घातला. माझं जॅक-पाना पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं. हत्यार पूजेला बसलं की दसरा झाल्याबिगर आमी हात लावत न्हाय."

तेवढ्यात कुणाला तरी सरकारी दवाखान्यात हलवायचं म्हणून त्याला हाक आली आणि तो पळाला. माझ्या हाती तीन माणसं आणि एक आगाऊ मीटर उरला. दुसऱ्या दिवशी मी काळा कोट घरी ठेवला आणि पायलच्या गाडीत जाऊन बसले.

४

पहिलाच धक्का फाटकात बसला. गतिरोधकावरून जाताना गाडीचं पोट घासलं.

"आधी घासत नव्हती," पायल पुटपुटली. "गतिरोधकावर डांबर चढवलंय जणू."

मागच्या सीटवर दगडाबाई होत्या, मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवरच्या. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन पितृपंधरवड्यात झालं होतं, आता दुसरा करून घरी चालल्या होत्या. म्हातारी भलती खुशीत होती.

"पोरी, डोळ्याबरुबर माझं गुडघं बी सुधारलं की गं! मागच्या खेपेला तू लाकडी पाट ठेवलास तवा मी गाडीत चढले. आज बघ, पाटाबिगर टुणकन बसले."

"व्हय की आजी. हल्ली पाट कुणालाच लागत न्हाय," पायल हसली. मीही हसले. मग माझं हसू अर्ध्यावर राहिलं.

"कुणालाच लागत नाही? कधीपासून?"

"झालं की... दसऱ्यापासनं."

सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे एकाच दसऱ्याला कसे सुधारले? मी खिडकीबाहेर बघू लागले. उसाच्या ट्रॉल्या, ज्वारीची हिरवी रानं. आमच्या गाडीचा काटा ऐंशीवर होता आणि एक जुनाट टेम्पो आम्हाला आरामात मागं टाकून गेला.

"हल्ली सगळेच मला मागं टाकत्यात," पायल चिडून म्हणाली.

कामती मागं पडल्यावर रस्त्याकडेला किलोमीटरचा दगड दिसला. "पायल, छोटा मीटर शून्य कर. आता दगड मोजायचे."

म्हातारीलाही चेव आला. नव्या डोळ्यानं ती आमच्या आधी दगड ओळखायची आणि ओरडून आकडा सांगायची. आम्ही दहा दगड मोजले. पायलनं गाडी कडेला घेतली.

मीटरवर अकरा किलोमीटर झाले होते.

माझ्या फोनमधल्या नकाशानंही दगडांचीच बाजू घेतली. पायल पांढरी पडली. "ताई, मीटर बिघडलाय?"

"मीटर बिचारा काय करणार? चाक किती फिरलं एवढंच त्याला कळतं. एका फेऱ्यात किती जमीन सरते, ते कंपनीनं त्याला एकदाच सांगून ठेवलंय." मी खाली उतरले. ड्रायव्हरच्या दाराच्या आत कंपनीची पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर टायरचा आकार होता. सोळा इंची रिम. मग मी चाकापाशी उकिडवी बसले. टायरवर पंधरा लिहिलं होतं, आणि टायरची उंचीही पट्टीवरच्यापेक्षा बरीच कमी होती.

"गाडी जास्त पळाली नाही पायल. चाक लहान आहे, म्हणून तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरलं. म्हणूनच विजेचं बिल वाढलं नाही, म्हणूनच पोट घासतं, आणि म्हणूनच आजी टुणकन बसल्या."

"म्हंजी गुडघं तसंच हाय व्हय?" दगडाबाई हिरमुसल्या.

इतके दिवस रोज ती चाकं धुणारी पायल चाकासमोर उभी राहिली. नवी चाकं मिळाली म्हणून तिनं गुरुशांतांचे आभारही मानले होते. "काखेत कळसा अन् गावाला वळसा," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज बदलला. "ताई, हिची मोठी चाकं कुटं गेली?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. गुरुशांत होते. गाडी वाटेत का थांबलीय, असं विचारत होते. त्यांच्या फोनवर गाडी त्या घटकेला कुठं आहे एवढंच दिसायचं, आधीच्या फेऱ्या नाहीत. पायलनं रागाच्या भरात त्यांना सगळं सांगून टाकलं. 

"अस्सं," गुरुशांत म्हणाले. "म्हणजे तू चाकंपण विकलीस."

५

सोमवारी डॉ. शिवराज यांच्या खोलीत सगळे जमले. डॉक्टर दवाखान्याचे मुख्य विश्वस्त, हात सफाईदार पण भांडणाला घाबरणारा माणूस. एका बाजूला गुरुशांत, दुसऱ्या बाजूला अजिंक्य, दाराशी मल्लिनाथ. पायलला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मीच तिला खुर्ची ओढून दिली.

"पायलनं चाकं बदलली नाहीत," मी सुरुवात केली. "ती रजेवर असताना ट्रस्टनं बसवली, हे गुरुशांतांनी मला स्वतःहून सांगितलं. तेव्हा ते चांगल्याचं फळ होतं. आता ती चोरी झाली."

"मी सांगितलं, पण बसवली मल्लिनाथनं," गुरुशांत शांतपणे म्हणाले. "लहान चाकं यानंच घातली असतील. नवमीला मी गावात नव्हतो. दोघांचं संगनमत असेल."

मल्लिनाथ उसळला. "म्या? नवमीला?"

"थांबा मल्लिनाथ. साहेब, नवमीला कोणत्या पान्यानं बसवली? त्याचा पाना, त्याचा जॅक पाटावर होता, हळदकुंकू लावलेला. खंडेनवमीला पूजेत बसलेलं हत्यार सोलापुरातला कोणता ड्रायव्हर, कोणता गॅरेजवाला उचलतो? तुम्ही आयुष्यभर खुर्चीवर बसलात. तुमचं हत्यार पेन, आणि ते तुम्ही नवमीलाही खिशात ठेवत असाल. म्हणून नेमका तोच दिवस तुमच्या तोंडून गेला."

"अन् नवमीला मी हार घातला तवा ही चाकं गाडीला हुतीच की!" मल्लिनाथ ओरडला. "अष्टमीला गाडी साहेबच आपल्या घरी घेऊन गेले हुते, रातीला परत आणून लावली. म्हणले, बघू किती पळतीया."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अजिंक्य, वाहनांची जबाबदारी तुझी ना?"

"आधी मलाही यांचाच संशय आला होता," मी म्हणाले. "पण चाक बदललं की मीटर फसतो, हे यांना चांगलं माहीत आहे. दोनदा दंड भरलाय. यांनी चाकं चोरली असती तर मीटरचा विषय कुणाला काढू दिला नसता. मग मी उलटं बघितलं. मीटरवरून एवढा गाजावाजा कुणी केला? ज्याला हे गणितच माहीत नव्हतं त्यानं. साहेब, तुम्ही पायलवर खोटा आळ घेतला नाहीत. तुम्हाला ती खरंच चोर वाटली. स्वतःच्या चोरीनं वाढलेले किलोमीटर तुम्ही तिच्याकडं मागत बसलात."

गुरुशांत हसले. "आणि ती मोठी चाकं मी काय डोक्यावर घेऊन फिरतो?"

"नाही. तुमच्या गाडीचे किलोमीटर का कमी झाले ते सांगा. हिचे वाढले आणि तुमचे घटले, एकाच दसऱ्यापासून. पेट्रोलात कुणी काही मिसळलेलं नाही. तुमचं चाक मोठं झालंय, म्हणून मीटर कमी मोजतो. वळताना ते आतल्या पत्र्याला घासतं, तो आवाज मी परवाच ऐकला."

 आम्ही सगळे आवारात गेलो. पांढऱ्या गाडीच्या काळ्या रिमांवरचा रंग मल्लिनाथनं नखानं खरवडला. खाली चंदेरी चमक होती. त्या टायरवरचा आकडा पायलच्या गाडीच्या दारावरच्या पट्टीशी जुळला, आणि पायलच्या टायरवरचा आकडा गुरुशांतांच्या दारावरच्या पट्टीशी. दोन गाड्या एकमेकींची चाकं घालून शेजारी उभ्या होत्या.

"वैरागच्या रस्त्याला गाडीचं पोट घासायचं," गुरुशांत खालच्या आवाजात म्हणाले. "मेव्हणे हसायचे. माझी चाकं काही वाईट नव्हती, टायर नवेकोरे होते. चाकाला चाक दिलं. गोल ते गोल."

अजिंक्य तोवर पायलच्या गाडीपाशी वाकला होता. तो उठला तेव्हा त्याचा रुबाब गेला होता. "काका, ही बॅटरीची गाडी आहे. हिचं वजन तुमच्या गाडीच्या कितीतरी पुढं. वर पाच माणसं. ह्या टायरला हा भार सोसत नाही. बघा, आतल्या बाजूनं फुगा आलाय. हमरस्त्यावर फुटला असता."

पायल चाकापाशी बसली. तिनं फुग्यावरून हात फिरवला. "मला चोर म्हणला ते मी बघून घेतलं असतं," ती म्हणाली. "पन ह्यात माझ्या म्हाताऱ्या बसत हुत्या. दिसाया लागलं म्हणून हसत, गाणी म्हणत जात हुत्या. गोल ते गोल म्हणतोस? लाज वाटत न्हाय?"

त्यांना आजवर त्या आवारात कुणी अरेतुरे केलं नव्हतं.

६

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ट्रस्टचं नाव, देणगीदार, वर्षानुवर्षांची सेवा. गुरुशांत राजीनामा देतील, प्रकृतीचं कारण सांगून. पायलची नोकरी पक्की. तिनं फक्त 'गैरसमज झाला होता' एवढं लिहून द्यावं.

वकील म्हणून सांगते, तडजोड वाईट नव्हती. मी ती पायलला जशीच्या तशी ऐकवली.

"गैरसमज न्हाय. चोरी," ती म्हणाली.

"पायल, बेगमपूरला पेशंट थांबलेत," डॉक्टर काकुळतीला आले. "आजचा दिवस ही गाडी ने. बाकीचं उद्या बघू."

"ह्या चाकांवर एक म्हातारी बी बसणार न्हाय. आज न्हाय अन् उद्या बी न्हाय."

"तू मला सांगणार?"

"गाडी मी चालवते. मीच सांगणार."

मग मल्लिनाथ कुणाला न विचारता रुग्णवाहिकेतून जॅक आणि पाना घेऊन आला, आणि पांढऱ्या गाडीपुढं बसला. पंचनाम्याआधी पुराव्याला हात लावू नये, हे मला कायद्यानं माहीत होतं. मी भराभरा फोटो काढले आणि मग भिंतीपलीकडच्या बांधकामावरून विटा आणायला मदत केली. चारी चाकं निघाली. गुरुशांतांची गाडी विटांवर टेकली. मोठी चाकं आपल्या गाडीला लागली तशी ती वीतभर उंच झाल्यासारखी वाटली. शेवटचे नट पायलनं स्वतः आवळले, पान्यावर पाय देऊन.

आवाज ऐकून हॉलमधली माणसं बाहेर आली होती. पट्ट्या बांधलेली, काठ्या टेकणारी, एकमेकांना "काय झालं, काय झालं" विचारणारी. पायल हात पुसत डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"ह्या सगळ्यांदेखत मला चोर म्हणलं. आता ह्यांनाच सांगा."

डॉक्टरांनी गुरुशांतांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. सुटका करायला कुणी पुढं आलं नाही. ते घसा खाकरून म्हणाले, "पायल व्हनमाने यांनी चोरी केलेली नाही."

बायका कुजबुजल्या. कुणीतरी टाळी वाजवली. डॉक्टर आत जायला वळले. पायल त्यांच्या वाटेतून हलली नाही.

"मग कुणी केली?"

"पायल, पुरे आता."

"अर्धं सांगितलं की लोक उरलेलं आपल्या मनानं भरत्यात साहेब. उद्या म्हणतील, मल्लिनाथनं केली. परवा म्हणतील, पोरीला दया दाखवून सोडली. नाव घ्या."

 मल्लिनाथ पाना हातात धरून पायलच्या बाजूला येऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी नाव घेतलं.

"मागं ऐकू गेलं न्हाय," पायल म्हणाली.

त्यांनी पुन्हा घेतलं, मोठ्यानं.